रविवारी गेटवर उभं राहणाऱ्यांसाठी

वर्षाच्या पहिल्या सभेत समित्या वाटल्या जातात. ज्याला गाता येत नाही, हिशेब जमत नाही आणि संडे स्कूलच्या पोरांची धास्ती वाटते, त्याचं नाव स्वागत समितीत लागतं. माझंही असंच लागलं होतं. मध्य मुंबईतल्या एका मराठी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, गेली चौदा वर्षं मी रविवारी सकाळी गेटवर उभी राहते. यंदा समितीत पाच नवे चेहरे आलेत. प्रत्येकाला वेगळं सांगता सांगता माझा घसा बसला, म्हणून हे एकदाच लिहून काढलं. तुमची मंडळी दुसरी असेल, तुमच्याकडे कॅथलिकांसारखं उपासनेऐवजी मिस्सा म्हणत असतील, तरी मुंबईत राहत असाल तर यातलं बरंचसं कामी येईल.

आधी, कोण येतंय

नवीन माणूस दिसला की आपल्या लोकांच्या मनात पहिलं येतं ते "बदलीवर आलेले असतील". तसेही येतात. नगर, जालना, सोलापूरकडची कुटुंबं नोकरीसाठी मुंबईत येतात, जुन्या पाळकांचं, म्हणजे पास्टरांचं, पत्र सोबत असतं, गीतांच्या चाली पाठ असतात. त्यांची काळजी फार करावी लागत नाही. दुसऱ्या रविवारी ती स्वतःच तुम्हाला जागा दाखवायला लागतात.

दुसरे म्हणजे शेजारपाजारचे, ख्रिस्ती नसलेले. यात नवल काही नाही. या शहरात माणूस मंगळवारी सिद्धिविनायकाच्या रांगेत असतो आणि बुधवारी माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये मेणबत्ती लावतो. माहीमची बुधवारची नोव्हेना १९४८ पासून चालू आहे आणि तिथल्या गर्दीत कुंकू लावलेल्या बायका सहज दिसतात. वांद्र्याच्या मोतमाउलीच्या जत्रेला सप्टेंबरात कोण कोण जातं ते तर सगळ्या मुंबईला ठाऊक आहे. मेणाचा हात, मेणाचं घर, मेणाचं बाळ घेऊन रांगेत उभं राहणाऱ्याला कोणी धर्म विचारत नाही. असाच एखादा आपल्या गेटवर येतो, मुलीची बारावीची परीक्षा असते, आणि विचारतो, "इथे मेणबत्ती कुठे लावायची?" आमच्या मंडळीत मेणबत्ती लावायची पद्धत नाही. पण "इथे तसलं चालत नाही" हे उत्तर नव्हे. "इथे आम्ही प्रार्थना करतो. मुलीचं नाव सांगा, आजच्या प्रार्थनेत घेऊ," हे उत्तर.

तिसऱ्या प्रकारचे येतात ते नुसतं बसायला. घरात भांडण झालंय, नोकरी गेलीय, किंवा हॉस्पिटलात कोणीतरी आहे आणि बाहेर ऊन आहे. हे मागच्या बाकावर बसतात आणि शेवटच्या गीताच्या आधी उठून जातात. तुमचं खरं काम यांच्यासाठी आहे, आणि यांच्याशीच सगळ्यात कमी बोलायचंय.

उपासनेच्या आधी

अर्धा तास आधी या. त्याआधी, शनिवारी रात्री, उद्याचा मेगाब्लॉक कुठल्या लाइनवर आहे ते बघून ठेवा. रविवारी मध्य किंवा हार्बरवर ब्लॉक असला की निम्मी मंडळी दुसऱ्या गीतापर्यंत येत राहते, आणि नवखा माणूस उशीर झाला म्हणून दारातूनच परत जातो. त्या दिवशी एकाने उपासना सुरू झाल्यावरही वीस मिनिटं बाहेर थांबायचं. यादीत नावं लिहिताना हे धरून लिहा, नाहीतर सगळेच आत जाऊन बसतात.

फोनवर पत्ता विचारला तर खुणेसकट सांगा. "पोर्तुगीज चर्चजवळ" म्हणालात तर टॅक्सीवाला गिरगावात नेईल की दादरला, सांगता येत नाही. दोन्हीकडे लोक त्याच नावाने चर्च ओळखतात. स्टेशन, पूर्व की पश्चिम, बसचा थांबा आणि समोरचं दुकान, एवढं पुरतं.

पंखा कुठला चालतो ते बघा. पाण्याचा जार भरलाय का, बायकांच्या शौचालयाची किल्ली कोणाकडे आहे, हेही. ही किल्ली आमच्याकडे कितीतरी वर्षं एका वडीलमंडळीच्या सभासदाच्या खिशात असायची आणि ते पहिल्या रांगेत बसायचे. लहान मूल घेऊन आलेल्या बाईने भर उपदेशात पहिल्या रांगेपर्यंत जाऊन किल्ली मागायची का? आता ती खिळ्याला टांगलेली असते.

आणि चपला. मराठी माणूस देवाच्या दारात थबकतो तो पायांकडे बघून. चपला काढू की नको, हा प्रश्न त्याला पडतो आणि विचारायची लाज वाटते. आमच्याकडे चपला घालूनच आत जातात, पण कोणी काढल्या तर काढू द्या. "अहो, नको नको, घाला" असं ओरडून सगळ्यांच्या माना वळवू नका. हळूच सांगा, "घातल्या तरी चालतात, काढल्या तरी चालतात," आणि काढल्या असतील तर बाजूला नीट ठेवा. शहरात चपलांची चिंता घेऊन कोणालाही प्रार्थना सुचत नाही.

पहिली दोन वाक्यं

"नमस्कार. या, आत बसा." बस.

आपल्या माणसांना "जय ख्रिस्त" म्हणा, "सलाम" म्हणा. अनोळखी माणसाला "नमस्कार" म्हणावं, कारण "जय ख्रिस्त"ला काय उत्तर द्यायचं हे त्याला माहीत नसतं आणि दारातच त्याची परीक्षा होते.

आता एक गोष्ट, जी मला शिकायला फार वर्षं लागली. आपल्या मराठी मंडळ्यांत कोणी नवीन भेटला की लगेच विचारतात, "आडनाव काय? मूळचे कुठले तुम्ही?" आपल्या लेखी ही आपुलकी असते. त्याचे आजोबा संगमनेरचे निघतात, आपली मावशी तिथे दिलेली असते, आणि पाच मिनिटांत नातं जुळतं. पण जो आपल्यातला नाही, त्याच्या कानाला हा प्रश्न वेगळा लागतो. आडनाव आणि गाव विचारून माणूस काय शोधत असतो, हे महाराष्ट्रात सगळ्यांना समजतं. कितीतरी जण तोच प्रश्न चुकवायला आपल्या दारात आलेले असतात. म्हणून आधी आपलं नाव सांगा, तेही पहिलंच. समोरच्याने जेवढं सांगितलं तेवढं त्याचं नाव. संगमनेरचं काय ते पुढे कधीतरी चहा पिताना आपोआप निघेल.

बोट दाखवून "तिकडे बसा" म्हणू नका, सोबत जा. जागा मधल्या वाटेच्या कडेची द्यावी, मागून तिसऱ्या-चौथ्या रांगेत. पुढे बसलेल्याला उभं कधी राहायचं, बसायचं कधी, हे कळत नाही. अगदी मागे बसवलं तर त्याला वाटतं, आपल्याला मागे बसवलं. शेजारी कोण आहे ते बघा. आमच्याकडे दोन मावश्या आहेत ज्यांच्या शेजारी मी डोळे झाकून कोणालाही बसवते. त्या गीताचं पान उघडून देतात, उभं राहताना नुसती मान हलवतात आणि बाकी वेळ गप्प असतात. अशी माणसं हेरून ठेवा. खरं तर स्वागत समितीत त्यांनाच घ्यायला हवं, पण त्या सभेला येत नाहीत.

उपासना चालू असताना

गीतांचं पुस्तक आणि पवित्र शास्त्र, दोन्ही द्या, पण उघडून द्या. "उपासना-संगीत"मधलं अमुक नंबरचं गीत, असं समोरून जाहीर होतं तेव्हा नवख्याला तो नंबर पानाचा आहे की गीताचा हे माहीत नसतं. शास्त्रवचनाचंही तसंच. "लूक पंधरा" म्हणजे लूकच्या पुस्तकातला पंधरावा अध्याय, पान पंधरा नव्हे, हे आपल्याला जन्मापासून ठाऊक आहे, त्याला कसं असणार?

पाळकसाहेबांना एवढी विनंती आधीच करून ठेवा की सुरुवातीच्या गीतांत एक तरी भजन पेटी-तबल्यावरचं असावं. कवी ना. वा. टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी याच मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि पुढे अभंग-ओवीच्या वळणाची जी गीतं लिहिली, ती आपल्या उपासनेत अजून गायली जातात. घरी हरिपाठ ऐकून वाढलेला माणूस त्या चालीवर आपोआप ताल धरतो. ऑर्गनवरच्या इंग्रजी चालीच्या गीताला तो नुसता उभा राहतो. हे मी चौदा वर्षं मागून बघत आले आहे.

दानाची पिशवी फिरते तेव्हा पाहुणा घाबरून पाकीट चाचपतो. पुढे बसलेल्याने शंभराची नोट टाकली की त्याला वाटतं तेवढेच टाकायचे असतात. शेजारच्या मावशीने "तुम्ही नाही टाकलं तरी चालतं" असं पुटपुटलं की काम झालं. मंडळीच्या सूचना वाचायच्या वेळी "आज आपल्यात पहिल्यांदा आलेल्यांनी कृपया उभं राहावं" ही प्रथा आमच्याकडे होती. मी ती बंद करवली, त्यासाठी दोन सभा भांडले. ज्याला उभं राहून नाव सांगायला आवडतं तो दुसऱ्या रविवारी स्वतःच सगळ्यांना सांगत फिरतो. बाकीच्यांना घाम फुटतो.

प्रभुभोजन

सगळ्यात नाजूक जागा हीच, म्हणून इथे थोडं थांबते.

आमच्याकडे महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. भाकर आणि द्राक्षरस घ्यायला लोक पुढे जातात, आणि नवखा माणूसही उठून उजव्या हाताखाली डावा हात धरून रांगेत लागतो, जसा तो प्रसादाला लागला असता. त्याच्या मनात भक्तीच असते. प्रसाद नाकारणं हा त्याच्या लेखी देवाचा अपमान असतो. आणि आपल्या नियमाप्रमाणे तर बाप्तिस्मा आणि दृढीकरण (कन्फर्मेशन) झालेल्यांनीच हे घ्यायचं. कॅथलिक चर्चमध्येही कम्युनियन सगळ्यांसाठी नसतं, तिथले नियम आणखी कडक आहेत.

रांगेत गाठून थांबवणं हा सर्वात वाईट उपाय. एकदा एका आजोबांना आमच्या एका उत्साही भावाने वेदीच्या पायरीवरून परत पाठवलं. आजोबा काही बोलले नाहीत, सरळ गेटबाहेर गेले. मी मागे धावले तोवर ते बसमध्ये चढले होते. पुढे काय, तर ते पुन्हा कधी दिसले नाहीत.

म्हणून काम आधी करायचं. पाळकसाहेबांनी प्रभुभोजनाच्या अगोदर दोन वाक्यांत साध्या मराठीत सांगावं की हे कोणासाठी आहे, आणि ज्यांना आशीर्वाद हवा आहे त्यांनी हात जोडून पुढे यावं, त्यांच्यासाठी प्रार्थना केली जाईल. आपण गेटवरच, आत नेताना सांगावं: "आज प्रभुभोजन आहे. ते बाप्तिस्मा झालेल्यांसाठी असतं. तुम्ही हात जोडून पुढे गेलात तर पाळकसाहेब प्रार्थना करतील, किंवा जागेवर बसून राहिलात तरी चालेल." हे सगळं सांगूनही कोणी हात पुढे केलाच, तर काय करायचं ते पाळकांनी ठरवायचं. तुम्ही जागेवरून उठू नका.

चहाच्या वेळी

उपासना संपली की आपण एकमेकांना भेटायला तुटून पडतो, आणि पाहुणा चहाचा कप धरून नोटीस बोर्ड वाचत उभा असतो. पहिली पाच मिनिटं आपल्या माणसांशी बोलायचं नाही, हा नियम स्वतःला घालून घ्या. पाहुण्याशी एकानेच बोलावं, फार तर दोघांनी. सात जणांनी घेरलं की त्याला लग्न ठरवायला आल्यासारखं वाटतं.

फोन नंबर मागायचा तर कशासाठी ते सांगून मागा. "ग्रुपमध्ये टाकतो" असं सांगूनही लगेच टाकू नका, आणि फोटो तर मुळीच काढू नका. इथे माझी स्वतःची चूक सांगते. शेजारच्या चाळीतली एक मुलगी तीन-चार रविवार यायची, गाणं सुरेख म्हणायची. तरुण संघाच्या सहलीत तिचा फोटो निघाला. मी कौतुकाने तो मंडळीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला, तिथून तो कोणाच्या तरी स्टेटसवर गेला आणि तिथून तिच्या काकांच्या मोबाईलवर. घरी काय झालं ते तिने सांगितलं नाही. ती यायची बंद झाली. वाण्याकडे भेटली तर हसते, बोलत नाही.

आठवड्यात एकच फोन, एकाच माणसाकडून. "पोहोचलात ना नीट? यायचं वाटलं तर या." घरी न विचारता जाणं आपल्या गावाकडे प्रेमाचं असतं. मुंबईत दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसं राहतात, तिथे पाळकसाहेब आणि दोन वडील एकदम दारात उभे राहिले तर शेजारी चार दिवस तेच बोलतात.

कोणी मन मोकळं केलं तर ऐका आणि ते पाळकांपर्यंतच न्या, प्रार्थनेच्या यादीत तपशिलासकट लिहू नका. आत्महत्येचं बोलणं निघालं तर प्रार्थनेवर सोडून देऊ नका. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, मराठीतूनही बोलतात. लहान मुलांच्या बाबतीत १०९८, तातडीच्या संकटात ११२. हे तीन नंबर गेटच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवा. मुलांवर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पोक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. "मंडळीची बदनामी नको" म्हणून दाबायचं नाही.

गेटबाहेरचं काम

सेवा म्हटलं की आपल्याला वाटप आठवतं. ब्लँकेट वाटप, वही वाटप, आणि मागे बॅनर. नव्या लोकांना मी सांगते की पहिले तीन महिने काहीच वाटू नका. गल्लीत फिरा. इस्त्रीवाला, वॉचमन, मंडळाचे कार्यकर्ते, अंगणवाडीच्या ताई, यांच्याशी ओळख करा आणि इथे काय कमी पडतं ते विचारा.

आमच्या गल्लीत गणपतीचा मांडव आमच्या गेटला लागूनच पडतो. दरवर्षी स्पीकरवरून धुसफूस व्हायची. एका वर्षी आम्ही दोघीजणी मंडळाच्या अध्यक्षांकडे जाऊन बसलो. रविवारी नऊ ते अकरा आवाज कमी, आणि विसर्जनाच्या दिवशी आमचं आवार, पाणी आणि शौचालय कार्यकर्त्यांसाठी उघडं, असं ठरलं. तेव्हापासून नाताळच्या कंदिलाची वायर मंडळाचीच पोरं वर चढून बांधतात.

६ डिसेंबरला चैत्यभूमीवर राज्यभरातून लोक येतात. दादरच्या आसपास तुमचं आवार असेल तर त्या दोन दिवसांत सगळ्यात मोठी गरज म्हणजे प्यायचं पाणी, स्वच्छ शौचालय, मोबाईल चार्ज करायला जागा आणि लेकराला घेऊन टेकायला सावली. तेवढंच द्या. पत्रकं वाटू नका. ती माणसं ज्यांना वंदन करायला आली आहेत, त्यांच्या दिवसाचा मान राखा. आपल्यातल्या कितीतरी घरांचे नातेवाईकही त्याच रांगेत उभे असतात, हे विसरायचं कशाला?

परळला टाटा हॉस्पिटलच्या बाहेर गावाकडून आलेले रुग्णांचे नातेवाईक फुटपाथवर दिवस काढतात. तिथे डबे घेऊन जायचं असेल तर आधी हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात विचारा, कुठल्या वारी काय लागतं. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या ठिकाणी हे काम वर्षानुवर्षं चाललंय, त्यांच्याकडून शिकावं. कधीकधी डब्यापेक्षा मोठी गरज असते ती मराठीत फॉर्म भरून देणाऱ्याची, किंवा एक्स-रेच्या रांगेत दोन तास उभं राहणाऱ्याची.

आठवडाभर रिकामा पडलेला हॉल ही मंडळीची सगळ्यात मोठी दौलत. अमेरिकन मराठी मिशन या मिशनरी संस्थेने १८२४ मध्ये मुंबईत मुलींची शाळा काढली होती. आपण निदान दहावीच्या मुलांना संध्याकाळी सहा ते दहा बसायला बाक, ट्यूबलाइट आणि शांतता देऊ शकतो. चाळीत नेमकं तेवढंच मिळत नाही. अभ्यासिकेला कायम दोन मोठी माणसं हजर हवीत, एकटं कोणी मुलांबरोबर राहायचं नाही, हा नियम पाळकांनाही लागू. दारू सोडू बघणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स अनॉनिमसचे गट मुंबईत बऱ्याच चर्चच्या आणि शाळांच्या खोल्यांत भरतात. त्यांना खोली दिलीत तर त्या वेळी समितीतल्या कोणी आत डोकावायचं नाही, कोण आलंय ते बघायचंही नाही.

एक गोष्ट स्पष्ट असू द्या. मदतीला अट नाही. डबा घेतला म्हणून रविवारी यावं, अभ्यासिकेत बसलं म्हणून प्रार्थना म्हणावी, असं काही नाही. कायद्याच्या दृष्टीनेही हे नीट समजून घ्या. धर्माचा प्रचार करण्याचा हक्क संविधानाच्या २५व्या कलमात आहे, पण दुसऱ्याचं धर्मांतर घडवण्याचा हक्क त्यात येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये स्टॅनिस्लॉस खटल्यात सांगितलं. कोणी शंका घेऊन विचारायला आलं तर चिडू नका. हॉल दाखवा, हजेरीची वही दाखवा, चहा द्या.

नाताळात कॅरलसाठी सोसायटीत जायचं असेल तर सेक्रेटरीला आठवडाभर आधी सांगा. उघड्यावर स्पीकर रात्री दहानंतर चालत नाही. मैदानात होणारी नाताळची मध्यरात्रीची मिस्सासुद्धा मुंबईत बऱ्याच ठिकाणी दहाच्या आत आटोपते, तर आपली गिटार कोण लागून गेली? शेजाऱ्यांना केक द्यायचा तर बिनअंड्याचा. त्याहून बरं म्हणजे करंज्या-चिवड्याचा फराळ द्या. दिवाळीत त्यांच्याकडून आलेला डबा परत करायलाही तेवढंच निमित्त होतं.

राहिल्या छत्र्या. जून ते सप्टेंबर प्लास्टिकचा ड्रम व्हरांड्यात ठेवा, आत नको, पाणी बाकाखाली येतं. उपासना संपल्यावर एखादी छत्री उरतेच. तिला तारखेची चिठ्ठी बांधा आणि दिवाळीपर्यंत जपून ठेवा. माझ्या कपाटात सध्या चार आहेत, त्यातली एक लहान मुलाची, निळी, बेडकाचे डोळे असलेली.